पाचाच्या खाली

मागच्या वर्षीपर्यंत लॉजवर पाहुण्यांची गाडी आली की मी थेट धुलाईच्या खोलीत पळायचे आणि वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभी राहायचे. खालून पाय दिसायचे माझे. आई म्हणायची, "शहामृग परवडलं." यंदा मात्र शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी, होय मीच, पहिली आले. कप एवढा मोठा की दप्तरात मावेना, डोक्यावर धरून घरी आणला. त्या दिवशी माझं तोंड जे उघडलं ते उघडलंच. आई वैतागून म्हणाली, "आधी बोल गं बोल म्हणून मागे लागायचे, आता हिला झाकण कुठं मिळतं ते शोधते."

आमचं घर म्हणजे लॉजच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. आई लॉजच्या चादरी आणि टॉवेल धुते. बाबा वाटाडे आहेत, पाहुण्यांना जंगलात नेऊन काय काय दाखवतात. लोक दोन विमानं, एक जीप आणि एक होडी बदलून आमच्याकडे येतात, पायाला जळवा लावून घेतात, उशीला कुबट वास येतो म्हणून तक्रार करतात, आणि हे सगळं कशासाठी, तर काहीतरी दिसावं म्हणून. आणि इतक्या दाट जंगलात काही दिसत नाही हो! पानं दिसतात. पानांच्या मागे पानं. माकडं आवाज करतात आणि दिसत नाहीत, साप दिसतात आणि आवाज करत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची तोंडं पडायला लागतात आणि मॅनेजरकाकांना आम्लपित्त सुरू होतं.

म्हणून यंदा बाबांना धनेशाची ढोली सापडली तेव्हा मॅनेजरकाका नाचायचेच बाकी राहिले. एका जागी बसायचं, चालायचं नाही, जळवा नाहीत, आणि पक्षी दिवसातून कितीतरी वेळा आपण होऊन समोर येणार. बाबांनी समोर झावळ्यांचा आडोसा बांधला. आता तिथं बसून पाहुण्यांना माहिती कोण देणार? बाबांना तर नदीपलीकडच्या लांबच्या वाटेवर दुसरी तुकडी न्यायची होती. आणि मला शाळेची सुट्टी लागलेली.

"मी देते," मी म्हणाले.

मॅनेजरकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? तू तर चादरीमागची ना?"

"ती वारली," मी म्हणाले. आचारीमामा एवढ्या जोरात हसले की हातातला डाव खाली पडला.

बाबा हसले नाहीत. मला आडोशापाशी घेऊन गेले. झाडापासून चाळीस पावलं मोजून त्यांनी दोन झाडांना एक निळी नायलॉनची दोरी बांधली. "ही ओलांडायची नाही. कुणीही. नर फळं गळ्यात भरून आणतो, आधी त्या वाळक्या फांदीवर बसतो, चार दिशांना बघतो. जरा जरी खटकलं तरी फळं तशीच घेऊन निघून जातो. आणि आतली बसते उपाशी."

"कळलं."

"दुसरं. किती वेळा आला ते मोजायचं आणि संध्याकाळी फळ्यावर लिहायचं. मी आलो की आधी फळा बघणार. आठ, नऊ, दहा असेल तर ठीक. पाचाच्या खाली गेला तर त्याच दिवशी मला सांगायचं."

"मग काय करायचं?"

"आडोसा बंद. दहा दिवस तिकडं कुणी फिरकायचं नाही."

फळा रिसेप्शनच्या भिंतीवर आहे, वर रंगीत अक्षरांत 'आज काय दिसलं?' असं लिहिलेला. पाहुणे तो जेवायला जाता जाता वाचतात आणि दुसऱ्या दिवशीचं ठरवतात. पण बाबा तो वाचतात तो वेगळ्या कारणासाठी. ते दिवसभर पलीकडे असतात, मग जंगलाच्या या बाजूला काय चाललंय ते त्यांना फळाच सांगतो. बूट काढायच्या आधी ते फळ्यासमोर उभे राहतात.

पहिले सहा दिवस म्हणजे काय सांगू! मी हळू आवाजात सुरुवात करायचे. "मंडळी, त्या झाडाच्या मधोमध एक बाई दोन महिने झाले स्वतःला कोंडून बसल्या आहेत. दार त्यांनी स्वतःच लिंपलंय, चिखलानं आणि स्वतःच्याच विष्ठेनं. नाकं मुरडू नका, सिमेंट मिळालं असतं तर त्यांनी तेही वापरलं असतं. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवलीय. आत गेल्यावर त्यांची उडायची पिसं गळून पडतात, नवी यायला वेळ लागतो. आता आत पिल्लूही आहे. म्हणजे दोघांचं पोट एका नवऱ्यावर." इथं बायका नवऱ्यांकडे बघायच्या. मग वरून तो आवाज यायचा, मोठ्ठी चटई झटकल्यासारखा, फर्र, फर्र, आणि पिवळ्या चोचीचा, डोक्यावर शिंगाची टोपी घातलेला नर येऊन बसायचा. एकेक फळ गळ्यातून वर काढून फटीत द्यायचा. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका बाईंनी तर माझा पापा घेतला. नऊ, दहा, नऊ. फळ्यावर मी आकड्याभोवती फुलं काढायचे.

सातव्या दिवशी तोफवाले आजोबा आले. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी एवढी लांब होती की होडीत तिला वेगळी जागा लागली, म्हणून मी त्यांना तोफवाले म्हणायचे. त्यांनी डोळा लावला आणि मान हलवली. "एवढ्या लांबून काय डोंबल दिसणार? मधे फांदी येतेय. दोन पावलं पुढं सरकलो तर?"

"चालणार नाही, आजोबा. दोरी."

"अगं, दोन पावलांनी पक्ष्याला काय कळतंय? तू एवढी हुशार मुलगी."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानात गोड वाजलं. मी दोरी सोडली आणि दोन पावलं पुढच्या झाडांना बांधली. नर आला. फांदीवर जरा जास्त वेळ बसला, पण आला. आजोबांनी रिसेप्शनमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले आणि म्हणाले, "ही मुलगी म्हणजे या लॉजचं रत्न आहे." मॅनेजरकाकांनी दुसऱ्या दिवशी माझ्या आडोशात सहाच्या जागी अकरा माणसं पाठवली. अकरा माणसं आडोशात मावत नाहीत. मागच्यांना दिसेना. मग आणखी तीन पावलं. नंतर एका ताईंना फटीतून मादीची चोच दिसत नव्हती, म्हणून आणखी चार. मग दिवसागणिक कुणासाठी ना कुणासाठी पाच-सहा. आजोबा सोडले तर बहुतेक माणसं रोज नवी, आणि आजोबांचा डोळा कायम नळीला, त्यामुळे दोरी काल कुठं होती ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याशिवाय.

त्या आठवड्यात एका दिवशी नर सहा वेळा आला. दुसऱ्या दिवशी पाच. मग चार.

चारच्या दिवशी मी खडू घेऊन फळ्यासमोर उभी होते. शेजारी तोफवाले आजोबा आणि नवी मंडळी चहाचे कप घेऊन बघत होती. चार कसं लिहायचं? चार म्हणजे आडोसा बंद. मी परत चादरीमागे. मी मनात म्हटलं, पिल्लू मोठं झालं असेल, आता कमी लागत असेल. म्हटलं, मी एकदा पाणी प्यायला वळले होते, तेवढ्यात एखादा हुकला असेल. आणि सात लिहिलं. सहा सुद्धा नाही, सात. खोटं बोलायचंच तर कंजूषपणा कशाला, असं झालं माझं.

बाबा संध्याकाळी आले, चिखलाच्या बुटांनीच फळ्यासमोर उभे राहिले. "सात. बरं आहे." मग माझ्याकडे वळून, "दोरी जागच्या जागी?"

"हो."

एवढं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी नर तीनदाच आला आणि मी आठ लिहिलं.

त्यानंतरचा दिवस मला आठवायचा नाहीये, पण सांगते. सकाळी सात ते चार आम्ही बसलो. नर वाळक्या फांदीवर आला चारदा, बसला, आमच्याकडे बघितलं आणि गळा फुगलेला तसाच घेऊन उडून गेला. एकदाच फळं दिली, तीही तीन. बाकी वेळ फटीतून मादीची चोच बाहेर यायची, उघडायची, मिटायची. आवाज करायची, कुलूप गंजल्यासारखा. मी माझं भाषण दोनदा केलं. दुसऱ्यांदा करताना 'दोघांचं पोट एका नवऱ्यावर' हे वाक्य मी गाळलं. पाहुणे कुरकुरत होते. एक ताई म्हणाल्या, "फळ्यावर तर आठ होतं."

आज सांगायचं, असं ठरवूनच मी घरी आले. फळ्यावर मात्र पुन्हा आठ लिहून आले. माझा बेत असा होता की फळा पाहुण्यांसाठी, आणि खरं बाबांना जेवताना. किती हुशार ना.

बाबा जेवायला बसले तेच हसत. माझे बाबा हसतात ते वर्षातून मोजून चारदा. "आठ," ते आईला म्हणाले. "नदीपलीकडं मला पाहुणे विचारत होते, ती धनेशवाली मुलगी तुमचीच का? मी म्हटलं, हो."

"मग कुणाची असणार, शेजाऱ्यांची?" आई म्हणाली.

"तसं नव्हे. मला अजून चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. पंचवीस वर्षं झाली, नुसतं बोट दाखवतो आणि पक्ष्याचं नाव सांगतो. ही उभी राहून बोलते. दोरी सांभाळते, मोजते." त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या ताटातला घास ठेवला. मी लहान असताना ठेवायचे तसा.

मी तोंड उघडलं. कप जिंकलेलं तोंड. आणि म्हणाले, "बाबा, उद्या अकरा पाहुणे आहेत."

"शाबास," बाबा म्हणाले.

सकाळी आम्ही आडोशाकडे निघालो. तोफवाले आजोबा सगळ्यांत पुढं. वळणावर ते थांबले आणि खुशीनं कुजबुजले, "अगं, ये ये! नशीब उघडलं! खाली बसलीय!"

झाडाच्या बुंध्याशी, पाचोळ्यात, मादी बसली होती. वर ढोलीचं लिंपण आतून फुटलं होतं, तुकडे तिच्या आजूबाजूला पडले होते. आत जागा नव्हती म्हणून मुडपलेली शेपटी तशीच वाकडी राहिलेली. पंखांना पिसं नव्हती, नुसती कोंब फुटल्यासारखी खुंटं. मान एका बाजूला. तिच्या पायांवर मुंग्या चढत होत्या आणि ती त्या झटकत नव्हती.

अकरा माणसं पुढं झाली. दोरी ओलांडून. कॅमेरे कडकड वाजायला लागले. एक काका पाचोळ्यात उताणे झोपले, खालून फोटो छान येतो म्हणून. "किती माणसाळलीय!" त्या ताई म्हणाल्या.

मी पळत सुटले. बाबा होडीपाशी होते, एक पाय होडीत. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि दुसरा पाय आत टाकलाच नाही. आम्ही दोघं धावलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "साप चावला का कुणाला?" मी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं, आणि ते बघून मला आणखी वाईट वाटलं.

आम्ही पोचलो तेव्हा मादी कलंडली होती. बाबांनी पाहुण्यांना हातानं बाजूला सारलं, माफ करा वगैरे काही न म्हणता, आणि ती उचलली. छातीचं हाड बोटांनी चाचपलं. मला म्हणाले, "हात लाव." मी लावला. हाड सुरीसारखं वर आलेलं. मांस नव्हतंच. माझा हात तिथं असतानाच तिची मान सैल पडली.

बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांना दोरी दिसली. झाडापासून अकरा पावलांवर. मग त्यांनी वर ढोलीकडे बघितलं.

"ऐक," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "पिल्लू आत आहे. काल खरंच आठदा आला असेल तर त्याच्या पोटात काहीतरी आहे. मग आपण सगळे मागं हटायचं, लांब. नर येईल आणि तोच भरवेल. मी आत्ता वर चढलो तर तो परत बहुतेक यायचा नाही. पण पिल्लू उपाशी असेल तर थांबून चालणार नाही, मला चढावंच लागेल. काल किती वेळा?"

सगळे ऐकत होते. मॅनेजरकाकाही येऊन पोचले होते, धापा टाकत.

"बाबा..."

"आकडा सांग."

"एकदा."

"परवा?"

"तीनदा. त्याच्या आधी चारदा."

बाबांनी मादी माझ्या हातात दिली. कंबरेचा दोर काढला, झाडाभोवती टाकला आणि चढायला लागले. पन्नाशीचा माणूस, पण त्यांचे पाय बुंध्याला असे चिकटत होते की एरवी मी पाहुण्यांना अभिमानानं दाखवलं असतं. हातात ती मादी एवढी हलकी होती, रिकाम्या टोपलीसारखी. चोच तेवढी जड.

"ही चोच," मॅनेजरकाका हळूच म्हणाले, "नीट साफ करून रिसेप्शनला ठेवता येईल, नाही?"

बाबांनी ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. खूप वेळ तसेच राहिले. गाल सालीला टेकलेला, डोळे मिटलेले, आत काहीतरी ऐकत असल्यासारखे. मी खालून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, चोच मार, चोच मार, बाबांच्या हाताला कडकडून चोच मार.

ते उतरले तेव्हा शर्टाच्या आत, छातीशी पिल्लू होतं. आंधळं नव्हतं, डोळे उघडलेले होते, पण हलत नव्हते. पोट पाठीला चिकटलेलं.

"अजून कोमट आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी ते मुद्दाम मला म्हटलं नसावं. ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. पण मी हिशेब केला. रात्रीचं जेवण. ताटातला घास. तेव्हा सांगितलं असतं तर बाबा कंदील घेऊन तसेच निघाले असते.

बाबांनी सगळ्यांना मागं नेलं, आडोशाच्याही मागं, चाळीस पावलांच्या पलीकडं. कुणी वाद घातला नाही. मादी आणि पिल्लू त्यांनी स्वतःच्या शर्टात गुंडाळलं आणि बनियनवर उभे राहिले. पाहुणे विचारायला लागले, काय झालं, कशानं मेलं, रोग होता का. मॅनेजरकाका पुढं आले, हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "जंगल आहे, मंडळी. निसर्गात असं होतंच. आपण फक्त बघायचं. वाईट वाटून घेऊ नका, संध्याकाळी होडीतून मगरी दाखवतो."

पाहुण्यांच्या माना हलल्या. निसर्ग म्हटल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. क्षणभर मी त्या शब्दाच्या मागं जाऊन उभीच राहिले. मॅनेजरकाकांनी डोळ्यांनी मला खूण केली, झालं, मिटलं.

"सांग त्यांना," बाबा म्हणाले.

"अहो, कशाला पोरीला..." मॅनेजरकाका म्हणाले.

"मला बोलता येत नाही. तिला येतं." बाबांचा आवाज चढला नव्हता. "सांग."

मी पुढं झाले. झाडाकडं पाठ, पाहुण्यांकडं तोंड, नेहमी उभी राहायचे तशी. हात कुठं ठेवायचे ते कळेना. सुरुवात कशी करायची तेही. नेहमी माझ्याकडे सुरुवात तयार असायची.

"दोरी आधी इथं होती," मी म्हणाले. "जिथं तुम्ही आत्ता उभे आहात तिथं. ती मी हलवली. पहिल्यांदा दोन पावलं. आणि मग..."

वरून आवाज आला. फर्र, फर्र, फर्र. चटई झटकल्यासारखा.

अकरा चेहरे माझ्या डोक्यावरून वर गेले. "आला!" तोफवाले आजोबा पुटपुटले, आणि तोफ वर झाली. माझ्या मागं वाळकी फांदी कुरकुरली. तो जास्त वेळ बसला नाही. आम्ही लांब होतो, त्याला खटकायला काही नव्हतं. पंख पुन्हा वाजले आणि मग चोच सालीवर आपटल्याचा आवाज, टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक. पाचोळ्यात काहीतरी पडलं. मग आणखी एक पडलं.

"भरवतोय!" ताई कुजबुजल्या. "अगं बाई, कसला गोड. बघा, एकेक देतोय." कॅमेरे थांबायला तयार नव्हते.

"आणि मग आणखी तीन," मी म्हणाले.

कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. फक्त बाबा बघत होते. त्यांनी वर मान केलीच नाही, हातातलं गाठोडं छातीशी धरून ते माझं तोंड बघत राहिले, एकही शब्द सुटू नये असे. मागं फळं पडत होती.

"मग आणखी चार," मी म्हणाले. "आणि एक दिवस तो चारदाच आला, आणि मी फळ्यावर सात लिहिलं."